परळचा पत्ता : मराठी अभ्यासकांच्या प्रकाशन-संधींचा स्थानिक इतिहास

प्रास्ताविक

साहित्य व संस्कृती यांचा अभ्यास करणाऱ्याने आपले लेखन कोठे छापावे, हा प्रश्न आज महाविद्यालयीन अध्यापकाच्या नेमणुकीशी, स्थाननिश्चितीशी आणि पर्यायाने चरितार्थाशी निगडित झालेला आहे. त्यामुळे त्याची चर्चा बहुधा गुण, सूची आणि परिपत्रके यांच्याच भाषेत होते. या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्यातील काही महत्त्वाचा भाग परळच्या नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडलेला आहे, याचे भान सहसा राहत नाही. परळ म्हटले की गिरण्यांचे भोंगे, के.ई.एम. रुग्णालय आणि चाळी डोळ्यांपुढे येतात; ग्रंथ आणि नियतकालिके म्हटली की गिरगाव किंवा पुण्याची सदाशिव पेठ. ही वाटणी सोयीची असली तरी पूर्णपणे खरी नाही. प्रस्तुत निबंधात पोयबावडी ते नायगाव हा परिसर मध्यवर्ती धरून मराठी अभ्यासकाला प्रकाशनाच्या कोणत्या वाटा उपलब्ध होत्या, त्या कोणासाठी खुल्या होत्या आणि ज्यांच्यासाठी खुल्या नव्हत्या त्यांनी काय केले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वपीठिका

मुंबईत विद्वत्तापूर्ण लेखनाला पहिले नियमित व्यासपीठ मिळाले ते इंग्रजीत. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे जर्नल १८४१ पासून निघू लागले आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे कालिदास व शिलालेख यांविषयीचे निबंध त्यात प्रसिद्ध झाले. १८७२ मध्ये जेम्स बर्जेस यांनी मुंबईतूनच ‘इंडियन अँटिक्वेरी’ सुरू केले. मराठीत या तोडीची जागा निर्माण केली ती रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी. त्यांनी १८६७ मध्ये सुरू केलेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकाचे नावच पाहावे. आज प्रत्येक महाविद्यालय आपल्या नियतकालिकास जे ‘बहुविद्याशाखीय’ हे विशेषण लावते, त्याचा याहून सुंदर मराठी पर्याय अद्याप कोणाला सुचलेला नाही. भाषाविचार, इतिहास, ग्रंथपरीक्षण हे सारे तेथे शेजारी शेजारी नांदत असे, आणि गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरीही १८७१ पासून याच मासिकातून आली. हे मासिक सुमारे सात दशके टिकले.

पुढे पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) आणि ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’ (१९१३) यांनी संशोधनपर मराठी लेखनाला संस्थेचा आधार दिला. मात्र या सर्व व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ती वर्गणीदारांवर आणि संपादकाच्या पारखीवर चालत असे, आणि संपादकाची पारख ही त्याच्या ओळखीपाळखीच्या वर्तुळापलीकडे क्वचितच जात असे. बुद्धिपुरस्सर कोणाला वगळले जाई असे नव्हे. ज्यांचा पत्ताच ठाऊक नाही त्यांच्याकडे लेख मागणार कसा, असा तो प्रकार होता.

पोयबावडी : मान्यता आणि वाचक

या पार्श्वभूमीवर परळमधील एका तरुण अभ्यासकाची प्रकाशनयादी तपासून पाहण्यासारखी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे परळच्या बी.आय.टी. चाळीचे रहिवासी होते. दुसऱ्या मजल्यावरील ५० व ५१ या त्यांच्या खोल्या. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेच्या उत्पत्तीविषयीचा ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला आणि मे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्यांचे वय सव्वीस वर्षांचे होते. भारतात परतल्यावर १९१८ मध्ये ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’मध्ये लहान शेतजमिनींच्या प्रश्नावरील त्यांचा निबंध आला, आणि त्याच वर्षी तेथे बर्ट्रांड रसेल यांच्या ग्रंथाचे त्यांनी केलेले परीक्षणही छापून आले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. आजच्या मुलाखत-समितीपुढे ही यादी ठेवली असती तर समितीने समाधानाने मान डोलावली असती.

तरीही या अभ्यासकाला १९२० च्या जानेवारीत स्वतःचे पाक्षिक काढावे लागले. ३१ जानेवारी १९२० रोजी, शनिवारी, ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. कचेरीचा पत्ता होता १४, हरारवाला बिल्डिंग, डॉ. बाटलीवाला रोड, पोयबावडी, परळ. छत्रपती शाहू महाराजांनी या पत्रासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. आंबेडकर सरकारी महाविद्यालयात नोकरीला असल्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. ‘केसरी’ने या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास नकार दिला, ही घटना सर्वश्रुत आहे. ती येथे पुन्हा नोंदवण्याचे कारण वेगळे आहे. ज्याचा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’ने सन्मानाने छापला, त्याच्या मराठी पत्राच्या जाहिरातीलाही मराठी वृत्तपत्रात जागा मिळत नव्हती. विद्वत्तेची मान्यता आणि आपल्या लोकांपर्यंत पोहोचणारा छापील शब्द या दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या, आणि पहिली मिळाली म्हणजे दुसरी आपोआप मिळते असे घडत नव्हते.

‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकातील ‘मनोगत’ या अग्रलेखाचा विषय हाच होता. मुंबई इलाख्यात निघणारी बहुतेक वृत्तपत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी आहेत आणि बहिष्कृतांच्या प्रश्नांचा ऊहापोह करण्यास त्यांच्यात पुरेशी जागा नाही, अशी मांडणी आंबेडकरांनी तेथे केली. प्रस्तुत लेखकाच्या मते प्रकाशन-संधीच्या प्रश्नाचे मराठीतील हे एक अत्यंत नेमके विवेचन होय. पत्रकारितेच्या इतिहासात त्याची नोंद आहे. ज्ञानव्यवहाराच्या इतिहासात मात्र ते फारसे वाचले जात नाही.

जुलै १९२० मध्ये आंबेडकर पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले. त्यांच्या मागे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांनी संपादनाची धुरा सांभाळली, परंतु पत्र १९२३ च्या सुमारास बंद पडले. मार्च १९२४ मध्ये परळच्याच दामोदर हॉलमध्ये झालेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेची कल्पना पुढे आली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सभा रीतसर स्थापन झाली. तिची कचेरीही दामोदर हॉलमध्ये होती. वाचनालय, वसतिगृह आणि विद्यार्थ्यांनी चालवलेले ‘सरस्वती विलास’ हे मासिक अशी तिची कामे पाहिली, की लेखनाला प्रकाशनाची जागा आणि त्या जागेला वाचक या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडवाव्या लागतात, ही जाणीव त्यामागे असल्याचे स्पष्ट होते. (हा दामोदर हॉल सोशल सर्व्हिस लीगचा. त्यातील नाट्यगृह २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले. परळमध्ये लहानाचे मोठे झालेल्यांना त्या नाट्यगृहातील कामगार रंगभूमी आठवते. सभेच्या कचेरीची आठवण सांगणारे मात्र क्वचित भेटतात.)

३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’चे संपादन आंबेडकरांनी स्वतः केले. चोवीस रकाने मजकूर लिहून काढण्याचे काम एकट्यावर पडते, हे त्यांनी वाचकांना उघडपणे सांगितले आणि पत्राच्या कर्जाचा हिशेबही वाचकांपुढे मांडला. नोव्हेंबर १९२९ मध्ये हे पत्र बंद झाले. धर्मशास्त्र, इतिहास आणि समकालीन राजकारण यांचे जे दीर्घ विवेचन त्यात आले, त्याची योग्यता आज कोणी नाकारणार नाही. १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने, वसंत मून यांच्या संपादनाखालील मालेत, ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ यांचे अंक एकत्र पुनर्मुद्रित केले तेव्हा ते अभ्यासकांच्या हाती सुलभपणे आले. म्हणजे मूळ अंक आणि त्यांना मिळालेली संदर्भग्रंथाची प्रतिष्ठा यांच्यामध्ये सहा दशकांहून अधिक काळ गेला. पोयबावडीतील कचेरीत ते अंक कोणी तज्ज्ञाकडे परीक्षणासाठी पाठवत नव्हते. त्यांची चिकित्सा विरोधी पत्रांनी केली, आणि ती आजच्या कोणत्याही परीक्षकापेक्षा कठोर होती.

नायगाव : संस्थेने दिलेली जागा

पोयबावडीहून भोईवाड्यामार्गे नायगावाकडे निघाले की थोड्याच वेळात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची वास्तू लागते. या ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९८ ची. स्वातंत्र्यप्राप्तीनंतर काही महिन्यांतच, १९४८ मध्ये, ग्रंथसंग्रहालयाने मराठी संशोधन मंडळ स्थापन केले आणि त्याचे संचालकपद अनंत काकबा प्रियोळकर यांच्याकडे दिले.

प्रियोळकरांची ही निवड अर्थपूर्ण होती. गोव्यातील प्रियोळ हे त्यांचे मूळ गाव. त्यांच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे मुंबई महापालिकेच्या नोकरीत गेली. संशोधन त्यांनी केले ते कचेरी सुटल्यावर. असे असूनही १९३५ मध्ये त्यांनी रघुनाथ पंडिताच्या ‘दमयंतीस्वयंवरा’ची जी आवृत्ती सिद्ध केली, तिने मराठीत शास्त्रशुद्ध पाठचिकित्सेचा पाया घातला. निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठ एकमेकांशी ताडून पाहायचे, त्यांचे कुलसंबंध ठरवायचे आणि मगच संहिता निश्चित करायची, अशी ती पद्धती. असे काम दहा पानांच्या लेखात मावत नाही, आणि त्याला ग्राहकही मिळत नाही. पाठभेदांच्या तळटिपा छापणारा व्यावसायिक प्रकाशक मराठीत तेव्हाही नव्हता. म्हणूनच मंडळाची आवश्यकता होती. मुक्तेश्वरांच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती पन्नाशीच्या दशकात खंडशः निघाली ती मंडळाच्या आश्रयाने. १५५६ मध्ये गोव्यात आलेल्या मुद्रणकलेस चारशे वर्षे पूर्ण झाल्याचे निमित्त साधून प्रियोळकरांनी लिहिलेला ‘द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया’ हा इंग्रजी ग्रंथही १९५८ मध्ये मंडळानेच प्रसिद्ध केला. कुन्य रिव्हार यांच्या कोंकणी भाषेवरील जुन्या पोर्तुगीज निबंधाचे भाषांतर त्यात समाविष्ट आहे. भारतीय मुद्रणाचा इतिहास लिहिणाऱ्याला आजही या ग्रंथापाशी थांबावे लागते. हा ग्रंथ परदेशी विद्यापीठाच्या मुद्रणालयातून निघाला नव्हता; नायगावच्या एका मंडळाचा तो होता, ही गोष्ट आपण विद्यार्थ्यांना सांगत नाही.

१९५३ मध्ये मंडळाचे ‘मराठी संशोधन पत्रिका’ हे त्रैमासिक सुरू झाले. या पत्रिकेचे जुने अंक चाळताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. तेथे लेखाला ठरावीक साचा नाही. एखाद्या हस्तलिखिताची दोन पानी नोंद आणि प्रदीर्घ निबंध यांना सारखाच मान आहे. अप्रकाशित कागदपत्रे जशीच्या तशी छापण्यासही जागा आहे. संशोधनाचे वास्तव असेच असते. एखादे वर्ष शोधण्यात उन्हाळ्याची सुट्टी जाते आणि हाती येते ती अर्ध्या पानाची टीप. त्या टिपेला आज कोठे जागा आहे? आजच्या नियतकालिकांना सारांश, बीजशब्द, उद्दिष्टे, गृहीतके आणि निष्कर्ष असा पूर्ण पोशाख लागतो. अर्धे पान त्या पोशाखात बुडून जाते.

याचा अर्थ पत्रिकेची व्यवस्था निर्दोष होती असा नव्हे. बहुतांश भार एका व्यक्तीच्या व्यासंगावर होता, आणि संपादकाची रुची हीच पत्रिकेची मर्यादा ठरत होती. प्राचीन वाङ्मय, मुद्रण, ख्रिस्ती मराठी वाङ्मय, एकोणिसावे शतक यांना तेथे जे स्थान मिळाले, ते मंडळाच्या खिडकीतून दिसणाऱ्या गिरण्यांच्या संस्कृतीला मिळाले नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांचे नमन, शक्ती-तुरा, भजनी मंडळे, खानावळी, पोवाडे हे तेव्हा ‘संशोधनाचे विषय’ मानले जात नव्हते.

त्या विषयांसाठी पुन्हा निराळ्या वाटा शोधाव्या लागल्या. १९६० नंतर मुंबईत लघुनियतकालिकांची चळवळ फोफावली. सायक्लोस्टाइल केलेल्या पानांवर कविता जशी आली तशी टीकाही आली. १९६२ पासून वसंत दावतर यांच्या ‘आलोचना’ने केवळ समीक्षेसाठी मासिक चालवून दाखवले. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी चालवलेल्या ‘अस्मितादर्श’ने दलित लेखक आणि समीक्षक यांची एक संपूर्ण पिढी लिहिती केली. या तिन्ही प्रयत्नांविषयी विपुल लेखन उपलब्ध असल्यामुळे येथे अधिक विस्तार करीत नाही.

गुण आणि सूच्या

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी चित्र पालटले. तज्ज्ञ-परीक्षित नियतकालिकातील लेखास पंधरा गुण आणि परीक्षित नसलेल्या, पण मान्यताप्राप्त व क्रमांकधारी नियतकालिकातील लेखास दहा गुण, असा हिशेब ठरला. लेखनाला गती मिळावी हा हेतू असावा. प्रत्यक्षात गती मिळाली ती नियतकालिकांच्या संख्येला. आयएसएसएन हा केवळ नोंदणीचा क्रमांक आहे, त्याचा गुणवत्तेशी काही संबंध नाही, हे जाणणारेही तो क्रमांक मुखपृष्ठावर ठळक टाइपात मिरवू लागले.

प्रस्तुत लेखकही या बाजारातून गेलेला आहे, हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. एम.फिल.च्या प्रबंधिकेतील नियतकालिकांवरील एक प्रकरण २०१६ मध्ये एका ‘आंतरराष्ट्रीय’ मासिकाकडे पाठवले. तिसऱ्या दिवशी स्वीकृतीचे पत्र आले आणि त्याच पत्राच्या तळाशी बँक खात्याचा क्रमांक होता. पैसे भरले. लेख छापून आला तेव्हा फॉन्ट बदलताना जोडाक्षरे फुटलेली होती आणि शीर्षकातील ‘नियतकालिके’ या शब्दाचे ‘नियमकालिके’ झाले होते. लेख एकाही परीक्षकाने वाचला नसावा. गुण मात्र मिळाले.

पुढील घटनाक्रम अध्यापकवर्गाला परिचित आहे. २०१७ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची सूची जाहीर केली, मे २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ नियतकालिके वगळली, आणि २०१९ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाच्या साहाय्याने ‘केअर’ ही नवी सूची आणली. बनावट नियतकालिकांना या सूचीमुळे काही प्रमाणात आळा बसला, हे मान्य केले पाहिजे. परंतु सूचीत असणे हाच निकष झाल्यावर, ज्या मराठी त्रैमासिकांना अर्ज भरण्यासाठी माणूस नव्हता आणि संकेतस्थळ चालवण्यासाठी पैसा नव्हता, ती अध्यापकाच्या दृष्टीने अदृश्य झाली. दरम्यान २०२२ च्या विनियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख प्रसिद्ध करण्याची सक्ती काढून टाकली, आणि त्यांनीच एम.फिल. ही पदवीही बंद केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ‘केअर’ सूचीही थांबवली आणि नियतकालिक पारखण्याचे काम, काही मार्गदर्शक निकष देऊन, शिक्षणसंस्थांवर सोपवले.

म्हणजे पारख करण्याची जबाबदारी फिरून संपादक आणि महाविद्यालय यांच्याकडे आली आहे. अनेक सहकारी याकडे गोंधळ म्हणून पाहतात. सूची नसेल तर लेख कोठे पाठवावा, असे ते विचारतात, आणि त्यांची भीती अनाठायी नाही, कारण मुलाखत-समितीवरील तज्ज्ञ आजही आधी सूचीच मागतो. तथापि सूचीवर विसंबण्याच्या पंधराएक वर्षांत आपण लेख वाचून त्याची योग्यता ठरवण्याची सवय बऱ्याच अंशी गमावली, हेही तितकेच खरे आहे.

याचा फटका कोणाला बसतो, याचे एक उदाहरण देतो. गिरणगावाविषयीचे महत्त्वाचे संशोधन कोठून प्रसिद्ध झाले ते पाहावे. राजनारायण चंदावरकर यांचा मुंबईच्या कामगारवर्गाचा इतिहास १९९४ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने काढला. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणी-कामगारांच्या मुलाखतींतून सिद्ध केलेला मौखिक इतिहास २००४ मध्ये कोलकात्याच्या सीगल बुक्सने इंग्रजीत प्रसिद्ध केला, आणि मग तो मराठीत आला. हे दोन्ही ग्रंथ मोलाचे आहेत. पण ज्यांच्या बोलण्यातून हा इतिहास उभा राहिला, त्यांची मुले आणि नातवंडे आज याच परिसरातील महाविद्यालयांत मराठी आणि इतिहास शिकत आहेत, आणि त्यांच्या लेखनाला अशी दारे माहीत नाहीत.

माझ्या एका विद्यार्थ्याने काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर प्रकल्पासाठी आपल्या चाळीतील भजनी मंडळाच्या वह्या अभ्यासल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाच्या काळात मंडळाची वर्गणी कशी आटली, गावी परतलेल्या सभासदांची नावे वहीत कशी खोडली गेली आणि त्यांतील काही नावे पुढे पुन्हा कशी लिहिली गेली, याची नोंद त्याने तारखांसह केली होती. विवेचन जेमतेम सहा पानांचे आणि वह्यांतील नोंदींचे परिशिष्ट चौदा पानांचे होते. दोन नियतकालिकांनी ‘गृहीतके व निष्कर्ष नाहीत’ म्हणून ते परत पाठवले. तिसऱ्याने परिशिष्ट वगळून शुल्क भरण्यास सांगितले. त्या विद्यार्थ्याने शुल्क भरले नाही. पुढे चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली आणि त्या गडबडीत वह्या कोठे गेल्या हे मंडळाच्या कोणालाच सांगता येत नाही. आता त्या नोंदींची प्रत आहे ती केवळ त्या प्रकल्पाच्या परिशिष्टात, आमच्या विभागाच्या कपाटात. प्रस्तुत नियतकालिकाच्या संपादक मंडळाकडे मी ते परिशिष्ट, एकही पान न वगळता, पुढील अंकासाठी सादर केले आहे.